सोल्डरिंग आयर्नचे तापमान नेमके कुठे मोजले जाते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतली सीएनसी (संगणकाने चालणारी) यंत्रे, इचलकरंजीतले शटललेस माग, पंचगंगेकाठच्या शेतपंपांचे स्टार्टर आणि राजारामपुरीतल्या दुकानांत दुरुस्तीला येणारे मोबाइल यांतले सर्किट बोर्ड एकमेकांहून फार वेगळे असतात. पण ते दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शेवटी सोल्डरिंग आयर्नच असते. गंमत अशी की, दुसऱ्याचा लाखमोलाचा ड्राइव्ह (यंत्राची मोटर चालवणारे सर्किट) जिवंत करणारा कारागीरही स्वतःचे आयर्न बिघडले की ते बाजूला टाकून नवे आणतो, आणि नवे घेताना डिस्प्लेवरचा आकडा आणि खोक्यावर छापलेले वॅट यांपलीकडे फारसे पाहत नाही. खरे तर निवडताना आणि दुरुस्त करताना विचारायचा प्रश्न एकच आहे : हे आयर्न तापमान कुठे मोजते आणि कशाने मोजते? त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यातूनच उलगडत जातात.

आधी साध्या, म्हणजे थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या २५ वॅटच्या आयर्नचा विचार करू. त्यात तापमान ठरवणारी कोणतीही यंत्रणा नसते. हीटर जितकी उष्णता तयार करतो आणि हवेत जितकी निघून जाते, त्या दोहोंचा मेळ जिथे बसेल तिथे तापमान स्थिरावते. स्टँडवर नुसते पडलेले असताना ते गरजेपेक्षा बरेच वर चढते, आणि जाड तांब्याच्या पट्टीला लावले की झपाट्याने खाली येते. त्यात वीजदाबाचा खेळ वेगळाच. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे संध्याकाळी २३० चे १९० व्होल्ट झाले, तर २५ वॅटचे आयर्न जेमतेम १७ वॅटचे उरते, आणि दाब २५० वर गेला की तेच आयर्न साडेएकोणतीस वॅटचे होऊन बिट, म्हणजे जोडाला टेकणारे धातूचे टोक, जाळू लागते. सकाळी चांगले बसणारे सोल्डर संध्याकाळी भुसभुशीत, निस्तेज का दिसते, याचे उत्तर अनेकदा इथेच असते.

बहुतेक तापमान-नियंत्रित आयर्नमध्ये एक सेन्सर असतो, त्याच्या वाचनाची आपण ठरवलेल्या तापमानाशी तुलना करणारे एक सर्किट असते आणि हीटर चालू-बंद करणारा एक स्विच असतो. तुलना कधी साधा ऑप-अँप करतो, कधी मायक्रोकंट्रोलर; स्विच कधी ट्रायक असतो, कधी मॉसफेट. या भागांत फारसे गूढ काही नाही. खरा फरक पडतो तो सेन्सर बसवण्याच्या जागेमुळे.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी रचना म्हणजे हाक्को ९३६ या जपानी स्टेशनची आणि तिच्या असंख्य चिनी नकलांची. यात पांढऱ्या सिरॅमिकची एक काडी असते. हीटर आणि सेन्सर दोन्ही त्या काडीतच भाजून बसवलेले असतात, आणि पोकळ बिट वरून टोपीसारखे चढवलेले असते. म्हणजे तापमान मोजले जाते ते काडीचे, बिटच्या टोकाचे नव्हे. काडी आणि बिट यांच्यामध्ये हवेची बारीक फट उरते, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक असल्याने टोकाला काय घडते आहे ते सेन्सरला उशिरा कळते. गुळव्याने काहिलीतल्या पाकाकडे न पाहता चुलवाणातल्या जाळावरूनच गूळ उतरवायचे ठरवावे, तसा हा प्रकार आहे. डिस्प्लेवर ३५० दिसत असतात आणि जाड जोडाला टेकलेले टोक मात्र त्याच्या कितीतरी खाली गेलेले असते.

हाक्कोच्याच टी-१२ किंवा टी-१५ जातीच्या बिटांमध्ये ही फट काढून टाकलेली आहे. हीटर, थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, तापला की काही मिलिव्होल्ट देणारा जोड) आणि बिट मिळून एकच अखंड कार्ट्रिज तयार होते आणि थर्मोकपल टोकाच्या अगदी मागे असते. त्यात हीटर आणि थर्मोकपल एकाच ओळीत जोडलेले असल्यामुळे स्टेशन आळीपाळीने काम करते : काही क्षण वीज द्यायची, मग वीज थांबवून त्याच तारांवर थर्मोकपलचे काही मिलिव्होल्ट मोजायचे, पुन्हा वीज द्यायची. या कार्ट्रिजचा रोध थंड असताना सुमारे ८ ओहम भरतो. २४ व्होल्टवर त्यातून ७२ वॅट मिळतात. स्पॅनिश जेबीसीची सी-२४५ आणि सी-२१० ही कार्ट्रिजही याच कुळातली आहेत. बारीक मोबाइल बोर्डवर सी-२१० आणि सर्वसाधारण कामाला सी-२४५, अशी त्यांची विभागणी सर्वमान्य आहे.

तिसरी रचना वेगळा विद्युत सेन्सरच नसलेली. वेलर कंपनीच्या मॅग्नास्टॅट आयर्नमध्ये बिटच्या मागच्या टोकाला एका चुंबकीय मिश्रधातूचा लहान तुकडा बसवलेला असतो. ठरावीक तापमानाला हा तुकडा आपले चुंबकत्व गमावतो, हँडलमधले चुंबक त्याच्यापासून सुटते आणि स्विच उघडतो. तुकडा थंड झाला की चुंबक टिक् आवाज करीत पुन्हा चिकटते. तापमान बदलायचे तर बिटच बदलावे लागते : मागे ७ चा आकडा असेल तर ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७० अंश सेल्सिअस, आणि ८ असेल तर सुमारे ४२५. मेटकल कंपनीने हेच तत्त्व आणखी पुढे नेले. तिच्या स्टेशनमधून १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह बिटभोवतीच्या कॉइलमध्ये जातो आणि बिटच्या अंगावरच्या मिश्रधातूचा थर स्वतःच तापतो व स्वतःच थांबतो. हा प्रकार उत्तम, पण आपल्याकडच्या छोट्या दुकानाला परवडण्यापलीकडचा, म्हणून तो इथेच सोडतो.

आता निवडीकडे वळू. सोल्डर वितळायला फार उष्ण आयर्न लागत नाही. ६३/३७ चे शिसेयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळते, ६०/४० चे १८३ ते १९० या टप्प्यात, आणि शिसेविरहित सोल्डर जातीनुसार २१७ ते २२७ अंशांना. तरीही आपण ३२० किंवा ३५० ठेवतो ते टोकाकडून जोडाकडे उष्णता वेगाने वाहावी म्हणून. तेव्हा जोड घेत नसेल तर तापमान ४५० वर नेणे हा उपाय नव्हे. त्याने फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे रसायन) क्षणात जळतो, बिटवर काळा थर चढतो आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी उपटून येते. रुंद बिट लावणे हा खरा उपाय आहे. बहुतेक नव्या स्टेशनांबरोबर सुईसारखे टोकदार बिट येते, आणि माझ्या मते ते खोक्यातच राहिलेले बरे, कारण उष्णता द्यायला त्याच्याकडे पृष्ठभागच नसतो. २ ते ३ मिलिमीटर रुंदीचे छिन्नीसारखे बिट दहांतली नऊ कामे अधिक चांगली करते.

सीएनसी ड्राइव्हच्या पॉवर बोर्डावर आयजीबीटी मॉड्यूलच्या (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या) पिना जाड तांब्याच्या थरांना जोडलेल्या असतात. तिथे ९३६ च्या जातीचे आयर्न हाताशी असेल तर कामगार तापमान वाढवत जातो, पिन सुटत नाही आणि शेवटी छिद्रातली तांब्याची नळीच बाहेर येते. असे काम नेहमीचे असेल तर कार्ट्रिज पद्धतीचेच स्टेशन घ्यावे, त्याला रुंद बिट लावावे आणि शक्य असल्यास बोर्ड खालून आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवून घ्यावा. याउलट स्टार्टरमधले रिले बदलणे, वायरी जोडणे, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याने साधे प्रकल्प बनवणे, एवढ्यासाठी ९३६ ची चांगली नक्कलही पुरेशी आहे. मोबाइलच्या कामाला वॅटपेक्षा हातातला हलकेपणा आणि टोक ते पकड यांतले कमी अंतर महत्त्वाचे ठरते.

वॅटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. टीएस-१०० किंवा पाइनसिल यांसारखी पेनएवढी आयर्न डीसीवर चालतात आणि त्यांचेही नेहमीचे बिट ८ ओहमच्या आसपास असते. म्हणजे २४ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला तर ७२ वॅट, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला तर ४५, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर अवघे १८. आयर्न तेच, फरक फक्त ॲडॅप्टरचा. फिरत्या दुरुस्तीसाठी, कारखान्यातल्या पॅनेलपाशी उभे राहून एखादी वायर जोडण्यासाठी यांच्याइतके सोयीचे काही नाही.

या आयर्नची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे अर्थिंग. दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये विजेतला नॉइज (विद्युत गोंगाट) गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून निसटणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण अर्थला न जोडलेल्या बिटवर मीटर लावला तर शंभर व्होल्टच्या आसपास दाब दिसू शकतो. हाताला क्वचित मुंग्या येतात एवढेच. मॉसफेटच्या गेटला मात्र एवढेही पुरते. म्हणून अशा आयर्नच्या बॉडीवर दिलेल्या स्क्रूला वायर लावून ती अर्थला जोडावी, किंवा तीन पिनांचा आणि अर्थ खरोखर पुढे नेणारा ॲडॅप्टर वापरावा. स्टेशनच्या बाबतीत तपासणी सोपी आहे : प्लग काढून घ्यावा आणि बिटच्या टोकापासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंतचा रोध मोजावा. तो २ ओहमच्या आत हवा. शहरातल्या जुन्या पेठांमधल्या कित्येक वाड्यांत तिसरे छिद्र सॉकेटला असते आणि त्यामागे वायर नसते, तेव्हा प्लगपर्यंतची तपासणी झाल्यावर सॉकेटचीही करावी हे ओघाने आलेच.

निवडीच्या वेळी शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार बाब म्हणजे सुटे भाग. आयर्नमध्ये झिजणारी वस्तू बिट आहे आणि तुटणारी वस्तू हीटर. बिटच्या गाभ्यात तांबे असते. वितळलेल्या कथिलात तांबे हळूहळू विरघळते, म्हणून त्यावर लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो, आणि तो थर गेला की टोकाला खड्डा पडतो. (कानसीने बिट घासून चकचकीत करण्याची जुनी सवय साध्या तांब्याच्या बिटाच्या काळातली आहे, लोखंडी थराच्या बिटाला ती एका दिवसात संपवते.) बिट पुसायला ओलसर स्पंज चालतो, पण तो बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भिजवू नये, पितळी काथ्या अधिक चांगला, कारण त्याने बिट एकदम थंड पडत नाही. काम संपवताना टोकावर ताज्या सोल्डरचा थर ठेवूनच आयर्न बंद करावे. एवढे सांभाळूनही बिट कधी ना कधी बदलावे लागतेच. त्यामुळे ज्या स्टेशनची बिटे आणि हीटर आपल्या नेहमीच्या दुकानात विचारताच मिळतात, ते स्टेशन कागदावर दोन पावले मागे असले तरी घ्यावे. अनोळखी जोडणीचे देखणे स्टेशन पहिल्या बिटापुरतेच कामाचे असते.

दुरुस्तीचा बराचसा भाग स्टेशन न उघडता, फक्त हँडल आणि मल्टिमीटर यांच्या साहाय्याने होतो. ९३६ च्या जातीच्या हँडलचे उदाहरण घेऊ. प्लग काढून, आयर्न पूर्ण थंड झाल्यावर पुढची चकती हाताने सोडवावी. नळी आणि बिट निघून पांढरी काडी दिसू लागते. बिट काडीवर अडकले असेल तर पकडीने पिरगाळू नये, कारण सिरॅमिक तडकते. पावसाळ्यात बिटच्या पोकळीत गंजाची पूड साचते आणि तीच बहुधा अडकण्याचे कारण असते. काडीच्या मुळाशी चार तारा एका छोट्या पट्टीवर जोडलेल्या असतात : दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या. मूळ हाक्को हीटरची जोडी थंड असताना २.५ ते ३.५ ओहम दाखवते आणि सेन्सरची जोडी ४३ ते ५८ ओहम. हीटरच्या जोडीवर मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला. सेन्सरच्या जोडीवर काहीच नसेल तर सेन्सर गेला, आणि दोन्ही एकाच काडीत असल्यामुळे दोन्ही बाबतींत काडीच बदलायची.

इथे नकलांचा एक सापळा आहे. काही नकली स्टेशनांच्या काडीत रोध बदलणाऱ्या सेन्सरऐवजी थर्मोकपल असते. त्याची जोडी ५० च्या आसपास नव्हे, तर एक-दोन ओहम दाखवते. दोन्ही काड्या बाहेरून सारख्याच दिसतात आणि दुकानदारही त्या एकाच डब्यात ठेवतो. चुकीची काडी बसवली तर स्टेशनचे वाचन निरर्थक ठरते. म्हणून नवी काडी घेण्याआधी स्टेशन कोणत्या सेन्सरसाठी बनले आहे हे जुनीवर मीटर लावून पाहावे, आणि नवी काडी दुकानातच मोजून घ्यावी.

सेन्सरचा प्रकार कळला की बिघाडाची लक्षणेही वाचता येतात. रोध बदलणाऱ्या सेन्सरचा रोध तापमानाबरोबर वाढतो. त्याची तार तुटली की रोध अनंत होतो, सर्किटला वाटते की बिट भयंकर तापले आहे, आणि ते हीटर बंद ठेवते. आयर्न थंडगार राहते आणि आपण उगाच हीटरला दोष देतो. थर्मोकपलचे उलट आहे. त्याच्या तारा हँडलमध्येच एकमेकींना चिकटल्या, तर मिलिव्होल्ट शून्यावर येतात, सर्किटला बिट खोलीइतकेच थंड वाटते, आणि हीटर पूर्ण जोराने चालत राहून बिट लाल होते. थर्मोकपलची तार तुटल्यावर बरीचशी डिजिटल स्टेशने चूक दाखवून थांबतात. दुरुस्ती करताना थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर आणखी मजेशीर पण धोक्याचा प्रकार घडतो : बिट जसजसे तापते तसतसे वाचन खाली उतरते, आणि स्टेशन अधिकाधिक वीज देत राहते. म्हणून काडी बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना हात स्विचवर ठेवूनच आकडा कोणत्या दिशेला जातो ते पाहावे.

सगळे रोध बरोबर आणि तरीही आयर्न मधूनच गार पडत असेल, तर केबलवर संशय घ्यावा. ती हँडलमध्ये शिरते तिथे रोज हजारदा वाकते आणि रबराच्या आत तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. मीटर हीटरच्या जोडीला लावून ठेवावा आणि केबल त्या जागी हलकेच वाकवावी. आकडा उड्या मारू लागला की निदान झाले. तेवढा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून तारा पुन्हा जोडल्या की आयर्न पूर्ववत होते. टी-१२ च्या बाबतीत तपासणी याहून लहान आहे. कार्ट्रिज ८ ओहमच्या आसपास दाखवत असेल तर ते ठीक, अन्यथा ते टाकून द्यायचे. कार्ट्रिज ठीक असून चूक येत असेल तर हँडलमधल्या स्प्रिंगच्या संपर्कपट्ट्या सैल पडल्या आहेत का ते पाहायचे. मॅग्नास्टॅटमध्ये टिक् आवाज येतो पण बिट तापत नाही, असे असेल तर स्विचचे संपर्क जळालेले असतात.

स्टेशन उघडायची वेळ येते ती बहुधा दोन कारणांनी. पहिले म्हणजे ट्रायक शॉर्ट होणे. हँडल काढून हीटरच्या पिनांवर दाब मोजला तर तो शून्य यायला हवा, पण बंद ट्रायकमधूनही थोडी गळती होत असल्याने नुसत्या मीटरवर फसवे व्होल्टेज दिसते. त्यासाठी ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब त्या पिनांना जोडावा. महामार्गावरच्या कोणत्याही गॅरेजात तो मिळतो. रोधाच्या सेन्सरवर चालणाऱ्या स्टेशनचे हँडल काढलेले असताना बल्ब पेटला, तर ट्रायक गेला आहे यात शंका नाही. दुसरे कारण म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक, म्हणजे मेन्सकडची, बाजू तुटलेली दिसणे. अनेकदा वेटोळे शाबूत असते आणि त्याच्या कागदाखाली दडवलेला थर्मल फ्यूज उडालेला असतो. तो त्याच तापमानाचा आणि त्याच प्रवाहाचा बदलावा. तारेने जोडून काम भागवू नये, कारण पुढचा बिघाड मग आगीच्या रूपाने लाकडी टेबलावर होतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शिरलेल्या दुकानांमध्ये गाळाने भरलेली स्टेशनेही होती. असे स्टेशन वाळलेले दिसले म्हणून लगेच प्लग लावू नये. बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुता येतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधला ओलावा दिवसेंदिवस टिकतो. उद्यमनगरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) असतोच. त्याच्याकडून ५०० व्होल्टवर प्राथमिक बाजू आणि अर्थ यांच्यातला रोध मोजून घ्यावा. तो एका मेगाओहमच्याही खाली असेल तर ट्रान्सफॉर्मर अजून ओला आहे किंवा खराब झाला आहे.

काडी, बिट किंवा बोर्ड यांपैकी काहीही बदलले की डिस्प्लेचा आकडा आणि टोकाचे तापमान यांचा मेळ पुन्हा घालावा लागतो. के-प्रकारच्या थर्मोकपलचा टिप थर्मामीटर असेल तर टोकाला ताजे सोल्डर लावून त्यावर मोजावे आणि स्टेशनवरचा कॅल (कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा जुळवण्याचा) स्क्रू फिरवावा. तो नसेल तर दोन प्रकारच्या सोल्डर वायरी पुरतात : स्टेशन २०० वर ठेवून दहा मिनिटे थांबावे, शिसेयुक्त वायर टोकावर वितळली पाहिजे आणि शिसेविरहित वितळता कामा नये. २५० वर दोन्ही वितळल्या पाहिजेत. ही चाचणी ढोबळ आहे आणि मोठी गफलत पकडण्यापुरतीच उपयोगाची आहे. बारीक जुळणी थर्मामीटरनेच करावी, आणि तीही २०० वर न करता, आपण रोज काम करतो त्या ३२० ते ३५० या टप्प्यात करावी, कारण एका टोकाला जुळलेला आकडा दुसऱ्या टोकाला जुळतोच असे नाही.